चेंडूकडे न बघणारे अण्णा

आमचे अण्णा फुटबॉल बघताना चेंडूकडे कधीच बघत नसत. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, ज्यात हेल्मेट घातलेली दांडगी माणसं एकमेकांवर आदळतात आणि खेळ सुरू झाला म्हणेपर्यंत थांबतो. तुमच्याआमच्यासारखे लोक चेंडू कुणी फेकला, कुणी झेलला ते बघतात. अण्णा पडद्याच्या भलत्याच कोपऱ्यात बोट दाखवून म्हणायचे, "चेंडू काय, कुठेतरी पडेलच. अडकलाय कोण ते बघ." आणि खरंच तिथे एक खेळाडू पुढे जाऊ की मागे अशा अवस्थेत उभा असायचा. अण्णांचा सगळा जीव त्या माणसावर.

अण्णा माझे सासरे. भुसावळला रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. कंट्रोल ऑफिसात कानाला हेडफोन लावून बसायचं, समोर भलामोठा चार्ट, आणि कुठली मालगाडी कुठल्या स्टेशनात बाजूला काढून कुठल्या एक्स्प्रेसला वाट द्यायची हे ठरवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाले, मग सासूबाई गेल्या, आणि २०१३च्या सुमारास आम्ही त्यांना ऑकलंडला आणलं. 'आणलं' हाच शब्द बरोबर आहे. माझ्या नवऱ्याने, अभयने, भुसावळचं घर विकलं, भांडीकुंडी नातेवाइकांत वाटली आणि अण्णांचं एका बाजूचं तिकीट काढलं. अण्णा प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत गेले.

आमचं घर बॉटनी डाउन्समध्ये, एका बंद गल्लीच्या टोकाला. सारख्याच रंगाच्या, सारख्याच गॅरेजांच्या घरांतलं एक. अभय पेनरोजच्या एका कारखान्यात इंजिनिअर, उजाडता उजाडता निघतो. मी मनुरेवाच्या एका फार्मसीत. मुलगी, इरा, शाळेत. दिवसभर गल्लीत चिटपाखरू नसतं. दिसलाच तर कुरिअरवाला, आणि तोही पार्सल दारात ठेवून पळतो. सुरुवातीला अण्णा रोज दुपारी पुढच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसत, कुणी येणारंजाणारं दिसेल म्हणून. थोड्या दिवसांनी ती खुर्ची त्यांनी स्वतःच उचलून आत आणली. मी कारण विचारलं नाही.

मला शनिवारी काम असल्यामुळे सोमवारी सुट्टी असते. अमेरिकेत रविवार असतो तेव्हा आमच्याकडे सोमवार उजाडलेला असतो, त्यामुळे त्यांच्या रविवारच्या मॅचेस आमच्या टीव्हीवर सोमवारी सकाळी लागतात. अभयने क्रिकेटसाठी घेतलेल्या चॅनेलांबरोबर हाही खेळ फुकटात आला होता. एका सोमवारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि अण्णा हातात रिमोट घेऊन टीव्हीसमोर नुसतेच उभे होते. म्हणाले, "शुभा, हा गडी चेंडू आधीच फेकतोय गं. घेणारा अजून वळलासुद्धा नाही." मी म्हटलं, चुकून झालं असेल. त्यांनी मागे नेऊन पुन्हा दाखवलं. मग पुन्हा. "चूक नाही. तो कुठे आणि कधी पोचणार हे ह्याला ठाऊक आहे. दिसेपर्यंत थांबला तर उशीर होईल. हे तर आमचंच काम आहे." आणि ते खाली बसले. ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं हा खेळ शिकलो. आमचं शिक्षण अण्णांच्या भाषेत झालं. चेंडू फेकणारा तो कंट्रोलर. त्याच्यासाठी पळणारे, त्या गाड्या. पळण्याच्या ठरलेल्या वाटेला तिथेही 'रूट'च म्हणतात, त्यामुळे तो शब्द बदलायची गरज पडली नाही. समोरच्या संघातले अडवणारे ते राखणदार. कॉमेंटेटर इंग्रजीत जी काही नावं घेत असत, त्यांच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं. दोन गाड्या दोन बाजूंनी येऊन एकमेकींच्या अंगाला घासून जातात आणि मागून पळत येणारे राखणदार एकमेकांवर धडकतात, असा एक डाव असतो. तो लागला की अण्णा मांडीवर थाप मारायचे. "सिंगल लाइनवर क्रॉसिंग, आणि तेही लूप नसताना," म्हणायचे. लूप म्हणजे एक गाडी बाजूला काढून ठेवायची जास्तीची लाइन. तो डाव त्यांनी मला इतक्यांदा मागे नेऊन दाखवला की एकदा गॅसवरचं वरण करपलं आणि घरभर वास सुटला. अण्णांनी ते करपलेलं वरण कौतुकाने खाल्लं.

इराला हे सगळं पसंत नव्हतं. "अण्णा, नोबडी वॉचेस धिस हिअर. रग्बी बघा ना, इट्स हीप्स बेटर." मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर अर्धं तरी इंग्रजीतच येतं. अण्णा म्हणायचे, "रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकू देत नाहीत बाळ. नुसता मागे मागे द्यायचा. मला नाही जमणार." इरा "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या पोरांचं 'ठीक आहे', म्हणून निघून जायची. शाळेत मात्र तिने माझे आजोबा अमेरिकन फुटबॉलचे एक्स्पर्ट आहेत असं सांगून ठेवलं होतं, हे मला तिच्या बाईंकडून कळलं.

अण्णांचा सर्वांत आवडता डाव जेवणाच्या टेबलावर मांडता यायचा. दोन वाट्या आणि लोणच्याची बरणी एवढंच सामान लागायचं. एक वाटी लांब पळायची, दुसरी तिच्याच बाजूला जवळ थांबायची, आणि त्यांच्या मधोमध लोणच्याची बरणी, म्हणजे राखणदार. "आता हा वरच्या गाडीमागे गेला, तर खाली फेकायचं. खाली धावला, तर वर. ह्याचं काही चुकत नाही बरं का. न चुकायला ह्याला जागाच ठेवलेली नाही." हे सांगताना त्यांचा आवाज हळू व्हायचा. मी विचारायचे, मग ह्या बिचाऱ्याने करायचं काय? ते म्हणायचे, "काय करणार? उभा राहील. घरी जाऊन शिव्या खाईल."

आणखी एका खेळाडूविषयी त्यांना आदर होता. एखादा गडी सगळ्यांत लांबच्या वाटेने जीव तोडून पळतो. चेंडू त्याला द्यायचा नसतोच. त्याने राखणदारांना मागे ओढून न्यायचं, म्हणजे मधली जागा दुसऱ्यासाठी मोकळी होते. अण्णा म्हणायचे, "तुझी सासू अशी होती. मला नाशिकची बदली नको होती, तर साहेबांच्या बायकोकडे जाऊन ही रोज क्वार्टरबद्दल भांडायची. नळ गळतो, भिंतीला ओल आहे. साहेब क्वार्टरला इतके वैतागले की बदलीचं विसरून गेले." सासूबाईंविषयी ते एवढंच आणि असंच बोलायचे. मग मी चहा टाकायचे.

सोमवार सोडला तर बाकीचे दिवस वाईट होते. मी कामावरून यायचे तेव्हा अण्णा सोफ्याच्या त्याच टोकाला, त्याच शर्टात, टीव्ही बंद करून बसलेले असायचे. विचारलं, काय केलंत दिवसभर, तर म्हणायचे, "ड्यूटी केली." एकदा ते कुणाला न सांगता चालत मॉलपर्यंत गेले. परत येताना सगळ्या गल्ल्या सारख्या दिसायला लागल्या, म्हणून कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात, शिरले. मालक गुजराती निघाला. दोघांनी सुरत-भुसावळ लाइनवर मनसोक्त गप्पा मारल्या. इकडे घरचा फोन कुणी उचलत नाही म्हणून अभय पेनरोजहून धावत आला, गल्ल्यागल्ल्यांतून गाडी फिरवली, आणि शेवटी अण्णा त्याला डेअरीत दुधाच्या क्रेटवर बसून हसताना सापडले. अभयचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अण्णा, तुम्ही हरवला होतात." अण्णा म्हणाले, "हरवलो नव्हतो. लेट होतो."

त्यानंतर घरात नियम आले. अण्णांनी एकट्याने बाहेर पडायचं नाही. फोन कायम खिशात, आणि तो कुठे आहे ते अभयला त्याच्या फोनवर दिसणार. गॅस काढून इंडक्शन बसवलं. बाहेरचा डेक, म्हणजे लाकडी ओटा, पावसात निसरडा होतो, म्हणून तिकडचं दार बंद. शेवटी दिवाणखान्यात पुस्तकांच्या शेल्फवर एक छोटा कॅमेरा आला. त्यातून अभयला ऑफिसात बसून अण्णा दिसायचे. अण्णांनी त्या कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं आणि "बरं" म्हणाले. हृदयाची दुखणी होती, दोन स्टेंट होते, अभयचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण घरात शिरले की मीही त्या शेल्फकडे पाठ करून बसायचे.

अभय चांगला मुलगा आहे. हे अण्णाही म्हणत, आणि अडचण तीच होती. सासूबाई अचानक गेल्या तेव्हा अभय इथे होता. विमानं बदलत पोचला तोवर सगळं उरकलेलं होतं. त्या दिवसापासून त्याने मनाशी एकच गोष्ट धरली, की वडिलांच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही. अण्णा त्याच्या नजरेसमोर असले की त्याला झोप लागायची. त्यासाठी अण्णांना काय द्यावं लागत होतं, हा हिशोब त्याच्या डोक्यात शिरतच नव्हता.

अण्णांनी त्याला सांगितलं नाही असं नाही. एका रविवारी पोहे खाता खाता सरळ म्हणाले, "अभय, मला परत जायचंय."

अभय म्हणाला, "कुठे परत, अण्णा? घर कुठे आहे आता? तिथे कोण आहे तुमचं?"

"खैरनार आहे." खैरनार म्हणजे त्यांचे गार्ड मित्र, तेही निवृत्त, रेल्वे लाइनीला लागून त्यांचं छोटं घर.

"खैरनारकाका स्वतः म्हातारे आहेत. तुम्हाला काही झालं तर ते काय करणार?"

"मला काही झालं तर होईल."

अभय उठून गेला. पुढेही अण्णांनी विचारलं, कधी गाडीत, कधी वाढदिवसाच्या केकनंतर. दर वेळी अभय आधी घाबरायचा आणि मग चिडायचा. नंतर दोघंही माझ्याकडे यायचे. अभय म्हणायचा, "तू समजाव ना त्यांना, तुझं ऐकतात." अण्णा म्हणायचे काहीच नाहीत, पण सोमवारी मॅच चालू असताना माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की मला पडदा दिसेनासा व्हायचा. एकदा जेवताना त्यांनी लोणच्याची बरणी उचलली आणि माझ्या ताटाशी आणून ठेवली. "ही तू," म्हणाले. मी हसले. मग हसू ओसरलं, आणि खरं सांगायचं तर रडू आलं. अण्णांनी बरणी लगेच जागेवर ठेवली. "जाऊ दे. भात घे," म्हणाले.

त्यानंतर अण्णा वेगळंच वागायला लागले. ज्या माणसाने घरात कधी आवाज चढवला नव्हता तो जेवायला बसला की वाद घालायचा. म्हणे भुसावळला नवीन बिल्डिंग होतेय, तिथे तिसऱ्या मजल्यावर ब्लॉक घेणार. लिफ्ट नाही तर नाही, तेवढाच व्यायाम. एकटे राहणार, हाताने करून खाणार. स्कूटर घेणार. अभय हादरला. स्टेंट, जिने, स्कूटर, ह्यावर त्याने डॉक्टरांची मतं गोळा केली, अण्णांना व्हिडिओ दाखवले. अण्णा म्हणाले, मग चौथा मजला बघतो, हवा चांगली लागते. आठवड्यामागून आठवडे हेच. अभय रात्री उठून बसायचा. "स्कूटर, शुभा. स्कूटर घेणार म्हणतात."

मला आधी अण्णांची काळजी वाटली. मग एक दिवस त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. ते स्कूटरवर भांडत होते, पण त्यांचा चेहरा अगदी शांत होता. सोमवारी मॅच बघताना असायचा तसा. आणि मला आठवलं की मागच्याच आठवड्यात पडद्यावरच्या सर्वांत मागच्या राखणदाराकडे बोट दाखवून ते म्हणाले होते, "ह्याला लांबची भीती फार. कुणी लांब पळालं की हा मागे सरकत जातो. ह्याच्या पुढ्यात बघ किती रान मोकळं पडलंय." वरण वाढायचा डाव माझ्या हातात तसाच राहिला. तिसरा मजला नव्हता, स्कूटर नव्हती. अण्णा कुणालातरी मागे ओढून नेत होते.

पुढच्या रविवारी दुपारी जेवताना ते हलक्या आवाजात म्हणाले, "बरं, राहू दे ब्लॉक. तू म्हणतोस तर नाही घेत. दिवाळीला तेवढा खैरनारकडे जाऊन येतो. तळमजल्यावरच घर आहे, रेल्वेचं हॉस्पिटल जवळ आहे. दोन महिने. रिटर्न तिकीट काढ."

अभयच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. "दोन महिने ना? आणि स्कूटर नाही?"

"स्कूटर नाही."

"मग जा की अण्णा. चेंज होईल तुम्हाला. मी आजच बघतो तिकिटं."

अण्णा वरणभातात बघत होते. मी अभयकडे बघितलं. मला सगळं दिसत होतं. मी फक्त एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं, की अभय, थांब, हे परत येणार नाहीत. एका बाजूला माझा नवरा, ज्याला आईचं तोंड शेवटचं बघता आलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला सोफ्याच्या टोकावर संपत चाललेला हा माणूस. मी म्हणाले, "अभय, भाजी घेतोस का अजून?" आणि त्याने ताट पुढे केलं.

सोमवारी मी अण्णांना विचारलं, "परत येणार ना?"

"तिकीट रिटर्न आहे."

"तिकिटाचं नाही विचारत मी."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "शुभा, मला विचारू नकोस. मी उत्तर दिलं तर तुला ते अभयला सांगावं लागेल. नाही सांगितलंस तर मनात ठेवावं लागेल. मला तुला तिथे उभं करायचं नाही." मग त्यांनी आवाज वाढवला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण आमच्याकडे सणाशिवाय ती पद्धत नाही, म्हणून मी चहा केला. विचारलं नाही म्हणून काय झालं, मला ठाऊक होतंच.

निघताना त्यांनी एकच बॅग घेतली. जाड जॅकेट दारामागे तसंच राहिलं. इराने गळ्यात पडून "सी यू आफ्टर दिवाळी, अण्णा" म्हटलं. तिच्याशी खोटं बोलणं ह्या माणसाला जमेना. ते तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "अभ्यास कर हं." विमानतळावर अभयने त्यांना गोळ्यांचं वेळापत्रक पुन्हा एकदा समजावलं. अण्णांनी ते सगळं निमूट ऐकून घेतलं आणि मग, मी तरी पहिल्यांदाच बघितलं, मुलाच्या गालाला हात लावला. अभय म्हणाला, "अहो, दोनच महिने तर आहेत."

दोन महिने झाले तेव्हा अण्णांचा गुडघा दुखत होता. मग खैरनारांच्या नातवाचं लग्न निघालं. मग उन्हात प्रवास नको. अभयच्या लक्षात यायला वेळ लागला, आणि आलं तेव्हा तो आणायलाच गेला. एक आठवडा राहून एकटाच परत आला. घरात आल्यावर बॅग न उघडता किती तरी वेळ बोलत होता. खैरनारांच्या खोलीच्या खिडकीतून लाइन दिसते, आणि अण्णा सकाळपासून तिथे बसतात. "म्हणाले, आयुष्यभर गाड्या चालवल्या, पण कंट्रोलच्या खोलीला खिडकी नव्हती, बघितल्या कधीच नाहीत. आणि माणसं किती येतात गं. कुणी पेपर मागायला येतं, कुणी नुसतंच. मला अण्णांशी दोन शब्द एकट्याने बोलायला मिळाले नाहीत." त्याने तिथे 'परत चला' म्हटलं का, अण्णा काय म्हणाले, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. कॅमेरा मात्र त्याने त्याच आठवड्यात काढून टाकला.

सोमवारी दुपारच्या मॅचला अण्णांचा फोन यायचा, तिकडे तेव्हा नुकतं उजाडत असे. त्यांच्याकडे तो खेळ दिसत नसे. मी पडद्यावर काय चाललंय ते सांगायचे, कोण लांब पळाला, कोण जवळ थांबला, आणि ते तिकडून म्हणायचे, "चेंडू राहू दे. मधला कुठे आहे?" मागे गाडीची शिट्टी ऐकू यायची. इतके मोकळे हसताना मी त्यांना इथे कधी ऐकलं नव्हतं.

दीड-दोन वर्षं ते असे राहिले. मग इथल्या हिवाळ्यात एके दिवशी खैरनारांचा फोन आला. दुपारी जेवून खिडकीजवळ आडवे झाले, ते उठलेच नाहीत. अभय मिळेल त्या विमानाने निघाला. ह्याही वेळी तो पोचला तोवर सगळं उरकलेलं होतं. अग्नी खैरनारांच्या मुलाने दिला.

परत आला त्या दुपारी मी त्याला विमानतळावरून घेऊन आले. गाडी त्यानेच चालवली, म्हणाला, हाताला काहीतरी काम हवं. गॅरेजसमोर इंजिन बंद केलं आणि समोर बघत म्हणाला, "शुभा, ते परत येणार नाहीत हे तुला माहीत होतं?"

"हो."

"तिकीट काढलं तेव्हापासून?"

"हो."

मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "तू सांगितलं असतंस तर मी जाऊ दिलं नसतं."

"म्हणून नाही सांगितलं."

शेजारची बाई कचऱ्याची पेटी ओढत रस्त्याकडे घेऊन गेली, आम्हाला हात करून परत गेली. मग तो लहान मुलासारख्या आवाजात म्हणाला, "पण इतकं सगळं नाटक कशाला? मला सरळ विचारायचं होतं त्यांनी. मी मुलगा होतो त्यांचा. सरळ विचारलं असतं एकदा तर..."

"सरळच विचारलं होतं, अभय," मी म्हटलं. "आधी सरळच विचारलं होतं."

मला त्याची फार दया आली. मी त्याच्या दंडावर हात ठेवला. इंजिन केव्हाच बंद झालं होतं, तरी त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच घट्ट होते.